‘फळं कापून एकत्र करावीत’ ही ओळ पुरेशी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उष्ण प्रदेशातल्या ताज्या फळांच्या सॅलडची पाककृती छापून येते तेव्हा साहित्याची यादी भरघोस असते. अननस, आंबा, पपई, केळी, पेरू, वर पुदिना, शिवाय साखरेचा पाक नाहीतर मध. कृतीत मात्र एकच ओळ: ‘सर्व फळं कापून एकत्र करावीत व थंड करून वाढावीत.’ आपल्या पुरवणीतही नुकतीच हीच ओळ वाचली, म्हणून हे पत्र लिहिते आहे. या पदार्थात शिजवायचं काहीच नाही. म्हणजे जे काही करायचं ते सगळं त्या एका ओळीत दडलेलं आहे: कोणतं फळ किती पिकलेलं हवं, आधी काय कापायचं, शेवटी काय घालायचं, लिंबू कशाला लावायचं आणि किती वेळात संपवायचं. हे सांगितलं नाही की वाडग्याच्या तळाशी पाणी साचतं, केळी काळी पडतात आणि करणाऱ्याला वाटतं की साखर कमी पडली असावी.

मी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पर्यवेक्षक होते. फळं कापायच्या टेबलाची जबाबदारी माझ्याकडे होती. तिथे कापलेली फोड कोणाच्या ताटात जाणार हे माहीत असावं लागे, कारण एकाला चालणारं फळ शेजारच्या खाटेवरच्याला चालत नसे. आता घरी करते तेही त्याच शिस्तीने. पुढे जे लिहिते आहे ते त्या टेबलावर शिकलेलं आहे.

सुरुवात पिकण्यापासून. आंबा, केळं, पपई, पेरू, चिकू ही फळं झाडावरून काढल्यावरही पिकत राहतात. त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि तोच त्यांना पिकवतो. अननस आणि लिचीचं तसं नाही. काढली त्या दिवशी जेवढी गोड, तेवढीच ती राहतात. अननस घरात ठेवला तर पिवळा होईल, मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही, कारण जिच्यातून साखर तयार व्हावी ती पिठूळ शिल्लक त्याच्या गरात नसते. म्हणून आंबा थोडा कच्चट आणला तरी बिघडत नाही, अननस मात्र आणतानाच निवडून आणावा लागतो. त्याच्या बुडाशी नाक लावावं. गोड वास आला तर घ्यावा, आंबूस, फसफसल्याचा वास आला तर तो उतरलाय असं समजावं, आणि वासच नसेल तर बहुतेक पांचट निघतो. शेंड्याचं पान ओढून बघायची अनेकांना सवय असते, माझा त्यावर भरवसा नाही. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागतो का, हे बघणं जास्त उपयोगाचं.

आंब्याच्या रंगावरही जाऊ नये. लाली ही जातीवर आणि उन्हावर अवलंबून असते, पिकण्यावर नाही. देठाशी वास घ्यावा आणि अंगठ्याने हलकेच दाबून बघावं. सॅलडसाठी किंचित दबणारा आंबा हवा. हातात धरून चोखून खायला जो उत्तम, तो सॅलडला एक दिवस उशिराचा असतो. पपईचंही तेच, केळ्याचंही तेच. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं गोड असतं खरं, पण वाडग्यात चमचा फिरवला की त्याचा लगदा होतो. आंब्याची घाई असेल तर तो पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत घालून तोंड दुमडून ठेवावा, केळ्याचा इथिलीन त्याला मदत करतो. कच्चा आंबा किंवा कच्ची केळी फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नयेत. या फळांना साधारण १२-१३ अंशांखालची थंडी सोसत नाही, आणि घरातला फ्रिज ४-५ अंशांवर असतो. साल काळवंडते, पिकण्याची क्रिया अडते आणि नंतर बाहेर काढलं तरी फळाला नीट चव येत नाही.

सहा जणांना पुरेल असं माझं प्रमाण सांगते. मध्यम आकाराचा अर्धा अननस (साफ केल्यावर साधारण ४०० ग्रॅम), आंब्याचा गर आणि पपई प्रत्येकी ३०० ग्रॅम, एक घट्ट पेरू, दोन केळी, दोन पॅशन फ्रूट आणि एक लिंबू. यातलं एखादं फळ नसलं तरी काही अडत नाही, पण आंबट, गोड, सुवासिक आणि कुरकुरीत अशी चारही अंगं वाडग्यात असावीत. सगळीच फळं मऊ आणि गोड असली तर चार घासांत कंटाळा येतो. पेरू किंवा ताज्या खोबऱ्याचे पातळ काप मी त्यासाठीच घालते. चिकू या मिश्रणात घालत नाही. त्याचा रवाळपणा बाकीच्या फळांच्या रसात हरवतो आणि रंगही मळकट दिसतो. तो वेगळाच खावा.

कापण्याआधी सगळी फळं, ज्यांची साल काढून टाकायची आहे तीसुद्धा, वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावीत आणि कोरडी पुसावीत. साबण लावू नये. साल फेकायचीच आहे मग धुवायची कशाला, असं मला नव्या मदतनिसांनी नेहमी विचारलं. सुरी सालीतून गरात जाते आणि सालीवर जे काही असेल ते आत घेऊन जाते, म्हणून धुवायची. पपईच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. अननस चांगलाच आंबट असतो, पपईत आम्लता अगदी कमी असते, त्यामुळे जंतूंना ती जास्त मानवते. कच्चं मांस-मासळी कापायचा पाट फळांसाठी वापरू नये, हे वेगळं सांगायला नको.

अननस सोलणं हा या साऱ्यातला सगळ्यात आनंदाचा भाग आहे, आणि याबद्दल पाककृतीत अवाक्षर नसतं. दोन्ही टोकं कापून अननस पाटावर उभा करावा आणि वरून खाली साल उतरवावी. साल पातळच काढायची. डोळे जावेत म्हणून जाड काढली तर सगळ्यात रसाळ भाग सालीबरोबर जातो. साल निघाली की तपकिरी डोळे दिसतात, आणि थोडं थांबून पाहिलं तर ते तिरप्या रांगांत बसलेले असतात, एक रांग संपूर्ण फळाला वेढा घालत वर चढते. अननस हे एकच फळ नाही. एका दांड्यावर शंभर-दोनशे फुलं येतात, त्यांची फळं एकमेकांना चिकटून तो तयार होतो, आणि प्रत्येक डोळ्याच्या जागी एकेकाळी एक फूल होतं. म्हणून एकेक डोळा कोरत बसायचं कारण नाही. रांगेच्या वरून एक आणि खालून एक असा सुरीचा तिरका काप द्यायचा, की पूर्ण रांग एका लांब पट्टीसारखी निघून येते आणि मागे पन्हळ राहते. अशा सगळ्या रांगा काढल्या की अननस पिळाच्या खांबासारखा दिसतो, आणि गर जवळजवळ वाया जात नाही.

पुढचा काप उभा द्यायचा. अननसाची गोडी बुडाशी जास्त आणि शेंड्याकडे कमी असते. अर्धाच वापरायचा म्हणून आडवा कापला तर आज गोड अर्धा आणि उद्या आंबट अर्धा अशी वाटणी होते. उभा चिरला की दोन्ही अर्धे सारखे. मग मधला चिवट दांडा काढावा आणि साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. दात नसलेलं कोणी खाणार असेल तर त्याहून निम्म्या.

अननस खाताना जीभ चुरचुरते, त्याचं कारण त्यातलं ब्रोमेलिन हे विकर (एन्झाइम). ते प्रथिनं तोडतं, आणि आपली जीभ, गाल, हिरड्या यांच्यावरही थोडं काम करतं. गरात कॅल्शियम ऑक्सॅलेटच्या अगदी बारीक सुयाही असतात. तोंड आलेलं असेल किंवा केमोथेरपीने तोंड सोललं असेल त्याला ताजा अननस देऊ नये. घरात असा कोणी असेल तर अननस वगळून बाकीचं सॅलड करावं.

याच विकरामुळे आणखी एक घोटाळा होतो. ताजा अननस किंवा पपई दुधात, सायीत, कस्टर्डमध्ये घालून ठेवली की थोड्या वेळाने मिश्रण कडवट लागतं. पुष्कळ जण दूध खराब होतं म्हणून बदलून बघतात. दुधाचा काहीच दोष नसतो, त्यातली प्रथिनं तुटून कडू चव येते. जिलेटिनची जेलीही ताज्या अननसात धरत नाही. डब्यातल्या अननसात धरते, कारण डबाबंद करताना त्याला उष्णता दिलेली असते आणि विकर मरतं. दूध घातलेलं सॅलडच हवं असेल तर अननस आधी उकळी येईपर्यंत शिजवून गार करावा. पण मग ते ताज्या फळांचं सॅलड राहत नाही, आणि मला ते मनापासून आवडत नाही.

आता क्रम. वाडग्यात सर्वांत आधी अननस त्याच्या रसासकट, त्यावर अर्ध्या लिंबाचा रस आणि पॅशन फ्रूटचा गर. पॅशन फ्रूट सुरकुतलेलं बघून लोक बाजूला टाकतात, खरं तर सुरकुतलं की ते जास्त गोड झालेलं असतं. गुळगुळीत असेल तर बाहेर ठेवून दोन-तीन दिवस वाट पाहावी. त्याच्या बिया काढायच्या नाहीत, त्या कुरकुरीत लागतात. हा जो आंबटगोड रस तळाशी जमतो तोच सॅलडचा रस, वेगळा पाक कशाला हवा? त्यात पेरू घालावा, मग आंबा. आंब्याचे कोयीच्या दोन्ही बाजूंचे काप काढून गरात सुरीने चौकटी पाडाव्यात आणि मोठ्या चमच्याने गर सोडवून घ्यावा. देठाकडचा चीक फोडींना लागू देऊ नये. आंब्याच्या सालीत आणि चिकात काही जणांच्या ओठांवर, हनुवटीवर पुरळ उठवणारी द्रव्यं असतात, आणि अशी माणसं सोललेला गर बहुतेक वेळा बिनत्रास खाऊ शकतात.

पपई त्यानंतर, जरा मोठ्या फोडींत, आणि ती घातल्यावर ढवळायचं नाही. वाडगा दोन्ही हातांनी धरून हलवायचा किंवा तळातून एकदाच हलक्या हाताने वर-खाली करायचं. केळं अगदी वाढायच्या आधी. ते कापलं की त्यातल्या विकराचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येतो आणि फोड तपकिरी होते. आम्ल लागलं की हे विकर मंदावतं. म्हणून केळ्याच्या चकत्या उरलेल्या अर्ध्या लिंबाच्या रसात घोळवून मग वाडग्यात सोडाव्यात. लिंबू मोजून घालावं, सगळ्या फळांवर पिळत सुटलं तर आंब्याचा सुवास दबतो. लिंबाची साल मात्र थोडीशी किसून घालावी, फक्त वरचा हिरवा किंवा पिवळा भाग, खालचा पांढरा कडू असतो. पुदिन्याची पानं हाताने तोडून शेवटी.

साखरेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. कापलेल्या फळावर साखर घातली की ती फोडीतलं पाणी बाहेर ओढते. अर्ध्या तासात फोडी चिवट होतात आणि रस पातळ होतो. फळ नीट निवडलेलं असेल तर साखरेची गरजच नसते. एखाद वेळी अननस आंबट निघाला तर साखरेऐवजी चिमूटभर मीठ घालून बघावं. मीठ कडवटपणा दाबतं आणि असलेली गोडी पुढे आणतं. ‘साखर नको तर मध घाला, तो आरोग्याला चांगला’ असंही पुष्कळदा छापलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध, पाक आणि फळांचा रस यांतली साखर मोकळ्या साखरेतच धरली आहे, आणि ती दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवायला सांगितलं आहे. अख्ख्या ताज्या फळातली साखर त्यात मोजत नाहीत. म्हणजे ज्या पदार्थात ही साखर जवळजवळ शून्य ठेवता येते, त्यात आपण पाक ओतून ती मुद्दाम आणतो. मधुमेह असणाऱ्यांनी तरीही किती खायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं, कारण पाक नसला तरी पिकलेलं केळं आणि आंबा रक्तातली साखर वाढवतातच.

‘थंड करून वाढावीत’ याचाही नीट अर्थ सांगायला हवा. कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कडक उन्हाळ्यात एकच तास. फ्रिजमध्ये झाकून ठेवावं आणि त्याच दिवशी संपवावं, केळं घातलेलं असेल तर त्याच जेवणात. पण अगदी गारठलेलं वाढलं तर गोडी आणि वास दोन्ही कमी जाणवतात. मी वाढायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढते.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर पेन हातात घेतलं ती. आपल्या पाककृतीसोबतच्या छायाचित्रात वाडग्याच्या कडेने कमरखाच्या, म्हणजे स्टार फ्रूटच्या, चांदणीसारख्या चकत्या मांडल्या होत्या. दिसायला सुरेखच असतात. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसासाठी हे फळ विष ठरू शकतं. त्यात ऑक्सॅलेट भरपूर असतं, शिवाय कॅरॅम्बॉक्सिन नावाचं मज्जासंस्थेवर परिणाम करणारं द्रव्य असतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ते २०१३ मध्ये ओळखून वेगळं दाखवलं. निरोगी माणसाचं मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही. न थांबणारी उचकी, उलट्या, बरळणं, झटके अशी लक्षणं दिसतात, आणि माणूस दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डायलिसिसवर असलेल्यांना आमच्याकडे त्याची एक चकतीही दिली जात नसे. मूत्रपिंड निरोगी असलं तरी उपाशीपोटी त्याचा पेलाभर रस पिऊ नये. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना हे बहुधा सांगितलेलं असतं. पण आपला आजार अजून कळलेलाच नाही अशी माणसं पुष्कळ असतात, आणि पाहुण्यांपैकी कोणाला काय आहे हे यजमानाला कुठून ठाऊक असणार? नुसत्या शोभेसाठी ते घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डायलिसिसच्या रुग्णांना केळ्यातलं पोटॅशियमही बेताने घ्यावं लागतं, तेव्हा त्यांच्यासाठी वाटी वेगळी करावी.

त्यातच आणखी एक, कारण ते कुठेच छापलेलं दिसत नाही. ज्यांना रबरी हातमोजे किंवा फुगे यांची ॲलर्जी असते, त्यांच्यापैकी काहींना केळं, पपई, आंबा, पॅशन फ्रूट खाल्ल्यावर तोंडाला खाज येते, ओठ सुजतात. आमच्या परिचारिकांमध्ये हे मी पाहिलेलं आहे. अशा माणसाने या फळांचं मिश्रण चाखून बघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

आपल्याकडे जागेची अडचण असते हे मी जाणते. तरी विनंती आहे की अशी पाककृती पुन्हा छापाल तेव्हा साहित्याच्या यादीतली दोन-तीन फळं कमी करा आणि त्या जागेत फळ किती पिकलेलं हवं, फळं कोणत्या क्रमाने घालायची आणि किती वेळात संपवायची एवढं द्या. कमरखाचा इशारा मात्र त्याची वाट न पाहता येत्या अंकात वेगळ्या चौकटीत छापावा. छायाचित्र बघून कोणीतरी या आठवड्यातच ते फळ आणलेलं असेल.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त पर्यवेक्षक, रुग्णालय स्वयंपाकघर)

ता. क. लाल गराचं ड्रॅगन फ्रूट घालणार असाल तर ते केळ्याच्याही नंतर, वाढलेल्या वाटीवर घाला, नाहीतर सगळ्या फोडी गुलाबी होतात. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर तो बहुतेक वेळा त्या फळाचाच रंग असतो. एक-दोन दिवसांत गेला नाही तर तपासून घ्यावं.